मुठीमुठीचा छकडा

मालगुजार नंदलालजींच्या ओसरीच्या पायरीवर सेवकराम मास्तर दोन तास बसले होते. पहिला अर्धा तास त्यांना वाटलं, मालकांची पूजा चालली असेल. दुसरा अर्धा तास वाटलं, जेवण चाललं असेल. तिसऱ्या अर्ध्या तासात आतून सोंगट्या खुळखुळल्याचा आवाज आला, आणि चौथ्यात मास्तरांना काही वाटेनासंच झालं. शेवटी दिवाणजी दात कोरत बाहेर आले आणि म्हणाले, "दमणी मोकळी नाही गुरुजी. गोंदियाच्या ठेसनावर मालकांचा ग्रामोफोन येऊन राहिला. त्या यंत्राले धक्का सोसत नाही."

मास्तर दमणी मागायला आले होते ते देवकाबाईच्या सुनेसाठी. श्रावण लागला होता, धनवंता सकाळपासून अडली होती, सुईणीने हात टेकले होते, आणि करंजटोल्यापासून गोंदियाचा दवाखाना चांगला पाच कोस. कामठ्यापर्यंतची वाट तर अशी, की धडधाकट माणूस बैलबंडीत बसला तर उतरताना त्याला आपली हाडं मोजून घ्यावी लागत. अख्ख्या गावात धक्के गिळणाऱ्या कमानी लावलेली गाडी एकच, मालगुजारांची दमणी. ती ग्रामोफोन आणायला गेली. धनवंताला बाजेवर घालून चौघांनी खांद्यावरून नेलं. धनवंता वाचली, बाळ वाचलं नाही. ग्रामोफोनला मात्र एक ओरखडाही आला नाही, आणि त्या संध्याकाळी तो गावभर ऐकू आला.

मास्तरांना राग आला. आता रागावण्याच्याही तऱ्हा असतात. कोणी शिव्या देतो, कोणी काठी उचलतो. पण अठरा वर्षं तिसरीच्या वर्गाला शुद्धलेखन घालणाऱ्या माणसाचा राग कागदावरच उतरतो. मास्तरांनी बोरू टोकदार केला, शाई ढवळली आणि नियमावली लिहायला घेतली. गावाने गावासाठी कमानीचा एक छकडा करावा. आजारी माणूस, अडलेली बाई, ज्याला गरज त्याने न्यावा. त्यासाठी प्रत्येक घराने रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ वेगळी काढून गाडग्यात टाकावी. चौथा नियम त्यांनी दोनदा अधोरेखित केला: एका घराची एकच मूठ, जास्त घेतली जाणार नाही. म्हणजे उद्या कोणी उठून "छकडा माझा" म्हणायला नको.

त्यांची बायको पुष्पाबाई सूप घेऊन पलीकडे तांदूळ निवडत होती. त्यांची एकुलती एक लेक शामकला हिला चौथा महिना लागला होता, आणि पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे याच गावात, पौषात व्हायचं होतं. पुष्पाबाईने मान वर न करता दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, "नियम किती लिहायचे तेवढे लिहा, पौषात छकडा दारात पाहिजे." दुसरी म्हणजे, "अहो, या मुलखात तांदूळ एकच नसतो, तेवढं ध्यानात ठेवा." पहिली गोष्ट मास्तरांनी ऐकली. दुसरीच्या वेळी ते नवव्या नियमावर होते.

इथे एक कबुली दिलीच पाहिजे. मास्तर मूळचे वर्ध्याकडचे, म्हणजे ज्वारीच्या भाकरीवर वाढलेले. भात त्यांच्या घरी सणावारी व्हायचा, आणि त्यांच्या लेखी तांदूळ म्हणजे तांदूळ. धानाच्या मुलखात अठरा वर्षं राहूनही हे मत बदललं नव्हतं, कारण ताटात काय आहे याकडे बघून जेवायची त्यांना सवयच नव्हती.

नियमावली गावापुढे वाचली गेली आणि सल्ले सुरू झाले. शेजारचे बकाराम हे पोलिसातून जमादार म्हणून पेन्शनीत निघालेले. गावात गुन्हे फारसे होत नसल्यामुळे त्यांचा सगळा तपास शेजाऱ्यांवर चाले. त्यांनी विचारलं, मूठ कोणाची? पोराची, बाईची की गड्याची? मास्तरांनी नियम वाढवला, की मूठ घरच्या कारभारणीची. बकारामांनी विचारलं, मूठ दाबून की सैल? मास्तरांनी तोही नियम वाढवला. मग बकाराम आवाज खाली आणून म्हणाले, की गावाबाहेरच्या वस्तीचं आणि गोंडांच्या टोल्याचं गाडगं वेगळं ठेवा, सारं एकात घालू नका. मास्तरांनी नाही म्हटलं. समतेचा विचार त्यांच्या मनात होता, नव्हता असं नाही. पण शाळेच्या कोपऱ्यात कणगी एकच मावत होती, हेही तितकंच खरं.

कुंभाराने बासष्ट गाडगी फुकट दिली, आपली मूठ म्हणून. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मास्तर स्वतः घरोघर फिरून गाडगी कणगीत रिकामी करू लागले. गावाने त्यांचं नाव "मुठीमास्तर" ठेवलं. इन्स्पेक्टर होण्याची उमेद बाळगणाऱ्या माणसाला हे नाव कसं लागलं असेल याची कल्पना करावी. पण ते गिळून हिंडले, आणि महिन्याभरात कणगी गुडघ्याएवढी भरली.

ही बातमी मालगुजारांच्या वाड्यात पोचली. नंदलालजी तसे दुष्ट नव्हते. फक्त आपल्यावाचून गावात पानही हलत नाही असं त्यांना वाटे, आणि पान आपल्याआपण हललं की त्यांना बरं वाटत नसे. ते दुसऱ्याच दिवशी शाळेत आले. मागे गड्याच्या पाठीवर चिनोर तांदळाचं पोतं.

"घ्या गुरुजी," ते म्हणाले. "न छकड्यावर माझं नाव लिहा. मोठ्या अक्षरानं."

पोतंभर चिनोर. वास शाळाभर पसरला. पोरं पाढे विसरली. मास्तरांनी डोळे मिटले, नियमावली उघडली आणि चौथा नियम खणखणीत वाचून दाखवला. नंदलालजींनी तो पुन्हा वाचायला लावला. मास्तरांनी पुन्हा वाचला.

"म्हणजे मी न माझा गडी सारखाच का?"

"मुठीपुरते," मास्तर म्हणाले. नियमावली त्यांनी छातीशी धरली होती.

"मंग छकडा कोनाचा?" नंदलालजींनी विचारलं. "ज्या गाडीले मालक नाही, ते गाडी रस्त्यात मोडून पडते गुरुजी. लिहून ठेवा." पोतं जसं आलं तसं परत गेलं, आणि पोरं त्याच्याकडे वाड्याच्या दारापर्यंत बघत राहिली.

त्यानंतर डिप्टीसाहेब तपासणीला आले. हा योग मास्तरांच्या पत्रिकेत नेहमी नको तेव्हाच येई. साहेबांनी कोपऱ्यातली कणगी पाहिली आणि हे काय म्हणून विचारलं. त्या काळी शाळेत वस्तुपाठ असत, म्हणजे वस्तू दाखवून पाठ शिकवायचा. मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, की हा तांदळाचा वस्तुपाठ. साहेबांनी कणगीत हात कोपरापर्यंत घातला, तो बाहेर आला तेव्हा त्यावर सोंडे चालत होते. एका पाठाला किती खंडी तांदूळ लागतो, आणि किड्यांचा पाठ याच्यातच येतो की वेगळा, असं त्यांनी शांतपणे विचारलं. आठ दिवसांत शाळा मोकळी करण्याचा लेखी हुकूम आला. कणगी मास्तरांच्या घरात गेली, आणि मास्तर ओसरीवर झोपू लागले.

तेव्हा ठरलं की तांदूळ विकून टाकावा. मास्तर बंडी भरून गोंदियाला रामलाल सेठकडे गेले. सेठचा धंदा तांदळाचा, बोली हिंदी, आणि स्वभाव मोकळा. त्याने ओंजळभर तांदूळ तळहातावर पसरला, बोटाने इकडे तिकडे केला आणि आपल्या तिन्ही मुनिमांना बोलावून दाखवला. कच्च्या धानाचा अरवा होता, उकडून कांडलेला उकडा होता. बारीक लुचई होती, चिनोर होता, जाडाभरडा होता, यंदाचा होता, दोन सालांमागचाही होता.

"मास्टरजी," तो म्हणाला, "ये चावल नहीं, पंचायत है। इसको कोई नहीं खरीदेगा।"

मास्तरांनी तांदूळ तो तांदूळ, असं काहीसं म्हणून पाहिलं. त्यावर सेठने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मास्तर स्वतः तिसरीतल्या नापास पोरासाठी वापरत. पाणी वगैरे देऊन सेठने त्यांना बंडीसकट परत पाठवलं.

घरी आल्यावर मास्तरांनी सेठ कसा लबाड आहे हे पुष्पाबाईला सांगितलं. तिने त्यातलाच शेरभर तांदूळ धुतला, शिजवला आणि ताटात वाढला. अर्ध्या भाताची खळ झाली होती, उरलेला दाताखाली वाळूसारखा वाजत होता. ताटात बघून जेवायचं नसूनही त्या दिवशी मास्तरांना बघावं लागलं. अरवा लवकर शिजतो, उकड्याला वेळ लागतो, दोघांची एका भांड्यात सोय होत नाही, हे गावातल्या सात वर्षांच्या पोरीलाही ठाऊक होतं. मग बायकांनी सांगितलं का नाही? तर पुष्पाबाई म्हणाली, की साऱ्याजणींनी सांगितलं होतं, गाडगं रिकामं करताना दर शनिवारी. मास्तर तेव्हा मुठी सैल आहेत की दाबलेल्या ते तपासत होते.

आश्विन उजाडला होता. कणगी भरलेली होती, छकड्याचं एक चाकही नव्हतं, आणि शामकलाला सहावा लागला होता. मास्तर दोन दिवस शाळेतून घरी आणि घरून शाळेत असे गेले की वाटेत कोणाच्या नजरेला नजर द्यायला नको. बकाराम कुंपणावरून म्हणालेच, की वेगळी गाडगी ठेवा म्हणून आपण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं होतं ते निराळ्या कारणासाठी, पण बरोबर ठरलेला सल्ला कोणी कारणासाठी अडवून धरत नाही.

तिसऱ्या दिवशी देवकाबाई आली. सुनेला घेऊन आली होती. धनवंता त्या श्रावणापासून फारशी बोलत नसे, नुसती मागे उभी राहत असे. देवकाबाईने कणगीत हात घातला, तांदूळ बोटांतून गाळला आणि म्हणाली, "भात होत नाही तं नोको होऊ. जात्यात गेल्यावर कोन लुचई न कोन उकडा, गुरुजी? मंडईले चिला लावू."

मास्तरांना एक क्षण वाटलं, की हे आपल्याला सुचायला हवं होतं. मग वाटलं, की सुचलं नाही तेच बरं.

दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई भरते. एक दिवसाची जत्राच ती. दंडार नाचते, दुकानं लागतात, पाहुण्यारावळ्यांनी घरं भरतात. तांदूळ दळून, पीठ पातळ कालवून तव्यावर पसरलं की चिला होतो. तो घरोघरी होतो, त्यात नवल नाही. पण नुसत्या अरव्याचा चिला मऊ पडून फाटतो आणि नुसत्या उकड्याचा वातड होतो. पंचायतीचा चिला मात्र काठाला कुरकुरीत आणि मधे लुसलुशीत निघाला. पहिला चिला तव्यावरून उतरला तेव्हा देवकाबाई स्वतःच त्याच्याकडे बघत राहिली. सोबत जवसाची चटणी होती, तिखट अशी की डोळ्यांत पाणी यावं आणि हात पुन्हा पुढे जावा.

बकारामांनी मात्र जाहीर करून टाकलं होतं, की ज्या पिठात कोणाकोणाची मूठ आहे ते आपण तोंडात घालणार नाही. मंडईच्या दिवशी ते चिल्याच्या चुलीपासून दहा हातांवर काठी घेऊन उभे राहिले, कायदा राखायला म्हणून. तासाभरात ते पाच हातांवर आले. मग म्हणाले, की लोकांनी तक्रार केली तर आपल्याला साक्ष द्यावी लागेल, तेव्हा एक चिला पंचनाम्यापुरता चाखून बघतो. पंचनामा सात चिल्यांपर्यंत लांबला. निष्कर्ष त्यांनी कोणाला सांगितला नाही. पण त्यांनी मागवलेला आठवा चिला बायकोसाठी होता.

आणि एक गंमत झाली. मंडईच्या मधोमध मालगुजारांनी मोठ्या हौसेने आपला ग्रामोफोन मांडला होता. तो लागल्यावर कामठ्यापासूनची गर्दी तिकडे वळली. गर्दी दोन गाणी ऐकून उभ्याउभ्या भुकेजली, आणि पाठीमागेच देवकाबाईची चूल होती. ज्या यंत्राला धक्का लागू नये म्हणून धनवंताला बाजेवर जावं लागलं, ते यंत्र दिवसभर घसा फाडून धनवंताच्या चिल्याला गिऱ्हाइकं गोळा करत राहिलं. धनवंता तव्यापुढे बसली होती. दुपारी केव्हातरी ती त्या गोष्टीवर हसली. श्रावणानंतरचं तिचं ते पहिलं हसू होतं, आणि ते पाहून देवकाबाईने चटणीचं निमित्त करून डोळे पुसले.

मास्तरांनी त्या दिवसासाठी भाषण लिहून आणलं होतं. "सभ्य स्त्रीपुरुषहो" पर्यंत ते पोचले, तेवढ्यात ग्रामोफोनची किल्ली पुन्हा फिरली. भाषण त्यांनी घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं. पण आजूबाजूच्या चार गावच्या मंडयांनी मिळून देवकाबाईच्या चुलीला बोलावणी पाठवली, आणि कार्तिक सरता सरता कणगी रिकामी होऊन छकड्याची सोय झाली. रामलाल सेठही एका मंडईत येऊन चिला खाऊन गेला. पंचायत अच्छी है, एवढंच म्हणाला.

आता छकडा म्हणजे लाकूड आलं, आणि लाकूड म्हणजे जंगल नाका आला. गावचा वाढई, म्हणजे सुतार, इतवारी याने देवरीकडच्या जंगलातून चाकांसाठी आणि कण्यासाठी पारखून लाकूड आणलं, तर नाकेदाराने ते नाक्यावर अडवून ठेवलं. मास्तर गेले. नाकेदाराने छापील कागद पुढे केला. त्यावर दोनच रकाने होते: स्वतःच्या वापरासाठी, आणि विक्रीसाठी. मास्तर म्हणाले, विक्रीसाठी नाही. मग स्वतःच्या वापरासाठी? तसंही नाही, साऱ्यांच्या वापरासाठी. नाकेदाराने कागद उलटा करून पाहिला, तिसरा रकाना मागेही नव्हता.

"छकडा कोनाचा ते सांगा," तो म्हणाला. "सरकारी जंगलात कोनाचाच नाही असं काही नसते."

मास्तरांनी नियमावली वाचून दाखवली. नाकेदाराने ती पूर्ण ऐकली, कारण नाक्यावर त्याला दिवसभर दुसरं काही ऐकायला मिळत नसे. मग त्याने विचारलं, की हा छकडा नाक्यापर्यंत येईल का? त्याच्या म्हाताऱ्या आईला दम्याचा त्रास होता, आणि थंडीत तिची छाती भरली की तो रात्र रात्र तिच्यापाशी बसून राही. मास्तर म्हणाले, गरज पडली तर येणार, सहावा नियम. नाकेदाराने टाक शाईत बुडवला. मग कागदावर "स्वतःच्या वापरासाठी" या रकान्यात त्याने आपलंच नाव घातलं, शिक्का मारला आणि आतून आईकरवी मूठभर तांदूळ आणून मास्तरांच्या उपरण्यात टाकला. सरकारी कागदात खोटं काही लिहिलं गेलं नाही, असं मास्तरांचं अजून मत आहे.

कमानींचा प्रश्न इतवारीनेच सोडवला. कोहमाऱ्याजवळ एक लॉरी झाडावर आपटून मोडून पडली होती. तिच्या कमानी त्याने भंगारातून आणल्या आणि लोहाराकडून बेतून घेतल्या. मार्गशीर्ष संपता संपता छकडा उभा राहिला. वर बांबूची ताटी, आत तणसाची गादी, आणि हात लावला की पाळण्यासारखा डोलायचा. मास्तर प्रसन्न मनाने त्याच्याभोवती तीनदा फिरले, खिशातलं भाषण काढलं, तेवढ्यात इतवारीने विचारलं, "बैल कुठी आहेत, गुरुजी?"

सतरा नियमांत बैलांचा नियम नव्हता.

त्या क्षणी मास्तरांना मालगुजारांचं भाकीत आठवलं. शामकला येऊन पंधरा दिवस झाले होते. अंगणात चालताना ती कमरेला हात लावून थांबायची आणि काही नाही म्हणायची. बैलजोडी विकत घ्यायची म्हणजे आणखी दोन वर्षांच्या मंडया. पण आता गावाला सवय लागली होती. पुष्पाबाई म्हणाली, की मूठ तांदळाचीच कशाला पाहिजे? ज्याच्याकडे जोडी आहे त्याने आठवड्यातला एक दिवस द्यावा, ज्याचा वार त्याने छकडा हाकावा. संध्याकाळपर्यंत सहा वार भरले. मंगळवार तेवढा रिकामा राहिला. गुरुवार बकारामांनी घेतला. पेन्शनीत गेल्यापासून त्यांचे बैलही पेन्शनीतच होते, पण तेव्हा कोणी ते बोललं नाही.

आणि शामकलाच्या कळा सुरू झाल्या त्या पौषातल्या एका गुरुवारी, सकाळी दूध तापताना. सुईण म्हणाली, बाळ आडवं आहे, इथं होणार नाही. मास्तर बकारामांच्या दारात गेले तेव्हा ते धोतर सावरत बैलच सोडत होते. त्यांनी एकही सल्ला दिला नाही, यावरून काय ते समजावं. छकड्यात शामकला निजली, पुष्पाबाई पायाशी बसली, आणि न सांगता, न बोलावता धनवंता येऊन उशाशी बसली आणि शामकलाचं डोकं तिने मांडीवर घेतलं. ही वाट तिच्या ओळखीची होती.

कमानी चांगल्या निघाल्या. कामठ्याच्या अलीकडच्या दगडांवरूनही छकडा नुसता झुलत गेला. बैल मात्र नाल्यापर्यंत आले, नाल्याच्या वाळूत उतरले आणि डावा बैल बसला. बकारामांनी त्याला पुचकारलं, मग शेपूट पिळली, मग सरकारच्या नावाने हुकूम दिला. बैल रवंथ करत राहिला. आतून शामकलाचा आवाज आला. मास्तर धोतर गुंडाळून चाकाला खांदा देऊ लागले, पण चाक हललं नाही. त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं.

तेव्हा त्यांनी पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिथे मालगुजारांची दमणी कलून उभी होती. तिचा कणा मोडला होता. दमणीत ग्रामोफोनचा कर्णा, गोंदियाला दुरुस्तीला निघालेला. आणि दगडावर स्वतः नंदलालजी बसलेले, शेजारी त्यांची गाडीला न जुंपलेली, डौलदार, पांढरीशुभ्र जोडी.

मास्तर पाण्यातून तिकडे गेले. दोन तासांची पायरी, परत गेलेलं पोतं, चौथा नियम, सगळं एकदम आठवलं. पण बोलावं लागलंच नाही. शामकलाचा आवाज पुन्हा आला, आणि नंदलालजी उभे राहिले.

"पोरगी आहे का आत?" त्यांनी विचारलं. "पाह्यता काय गुरुजी, जुंपा माझी जोडी."

त्यांनी स्वतः कासरा धरून जोडी वाळूत उतरवली. बकारामांचा बैल उठवून त्यांची जोडी बाजूला बांधली. पांढऱ्या जोडीने एकदा मान खाली घातली, आणि छकडा नाल्यातून वर आला. नंदलालजी धोतर भिजवून काठावर उभे राहिले. मास्तर हात जोडायला वळले तर ते म्हणाले, "जा ना जी. मागच्या खेपेलेच द्यायले पाह्यजे होतं." एवढं म्हणून ते पुन्हा दगडावर जाऊन बसले.

दवाखान्याच्या फाटकाशी छकडा पोचला तेव्हा ऊन वर आलं होतं. फाटकावर पहारेकरी होता. लॉरीच्या कमानी, बांबूची ताटी, मालगुजारी थाटाचे बैल, आणि हाकणारा धुळीने माखलेला म्हातारा, हा सगळा मामला त्याला संशयास्पद वाटला. आत गाडी न्यायची तर वहीत नाव लिहावं लागतं, म्हणाला. गाड़ी किसकी है?

मास्तरांनी नियमावलीसाठी खिशात हात घातला. पण बकाराम धुरेवरून आधीच ताठ झाले होते. सारी हयात त्यांनी लोकांना हाच प्रश्न विचारला होता, आणि मुठींचं एवढं रामायण झालं तरी त्याचं उत्तर काय, यावर ते श्रावणापासून शंका काढत आले होते.

"आमची आहे," ते म्हणाले. "फाटक खोल."

पहारेकऱ्याने फाटक उघडलं.

दुपारी दोनच्या सुमाराला शामकलाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. पुष्पाबाईने बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मास्तर रडले, उघडपणे, पहारेकऱ्यासमोर. मग त्यांनी खिशातलं भाषण काढलं. पण बकारामांनी गूळ आणला होता आणि वाटायला कागद नव्हता, म्हणून "सभ्य स्त्रीपुरुषहो" पासून "उपसंहार" पर्यंतचे चारही बंद फाडून त्यांत गुळाचे खडे बांधले गेले. पहिला पुडा पहारेकऱ्याला दिला. परतीच्या वाटेवर नंदलालजींची जोडी वाड्यावर पोचवताना मास्तरांनी एक पुडा त्यांच्याही हातावर ठेवला, आणि मंगळवार रिकामा आहे असं सांगितलं. नंदलालजींनी खडा तोंडात टाकला, चघळला, आणि मंगळवार म्हणजे बाजाराचा दिवस नाही ना, एवढं विचारून घेतलं. आता त्यांचं नाव छकड्यावर नसलं तरी शाळेच्या भिंतीवर वारांच्या यादीत आहे, वर एक कुंभार आणि खाली एक कोष्टी यांच्या मधे.

छकड्याला वंगण लागतं, चाकाला लोखंडी धाव लागते, म्हणून मूठ चालूच राहिली, आता रोजची नाही, शनिवारची. पुढच्या शनिवारी मास्तर गाडगं घेऊन देवकाबाईच्या दारी गेले तेव्हा धनवंता सूप घेऊन बाहेर आली. तिने एक मूठ टाकली. मग दुसरी टाकली.

मास्तरांनी सवयीने नियमावली उघडली. एका घराची एकच मूठ, खाली दोन रेघा.

"एक घरची, गुरुजी," धनवंता म्हणाली. "न एक बाळाची."

कोणत्या बाळाची, हे मास्तरांनी विचारलं नाही. त्यांनी नियमावली मिटून काखेत धरली, गाडगं दोन्ही हातांनी नीट उचललं आणि ते पुढच्या घराकडे निघाले.